पत्त्यांत हरलेला डेमोक्रॅट

आमच्या टर्टल फोर्ड गावात एकच डेमोक्रॅट होता, आणि तोही पत्त्यांत हरल्यामुळे झाला होता.

मिलो कुबिक त्याचं नाव. धंदा पवनचक्क्या दुरुस्त करायचा. लॅटिमर काउंटीतली, म्हणजे आमच्या जिल्ह्यातली, निम्मी गुरं मिलोच्या हातच्या पवनचक्कीचं पाणी पितात. दिवसभर शिडीच्या टोकावर वाऱ्यात उभं राहायचं, त्यामुळे जमिनीवरच्या माणसांशी बोलायची त्याला कधीच घाई नसते. काही विचारलं की तो आधी टोपी काढतो, मग डोकं खाजवतो, मग टोपी परत घालतो आणि मग उत्तर देतो. तोवर विचारणारा बहुतेक वेळा घरी पोचलेला असतो.

त्याच्या आधी गावात डेमोक्रॅट होत्या त्या शाळेतल्या पाव्हलिकबाई. मतदारानं आपला पक्ष काउंटीच्या कचेरीत नोंदवायचा, आणि मतदानाच्या टेबलामागे दोन्ही पक्षांची माणसं बसली पाहिजेत, असा आमच्याकडे नियम आहे. संध्याकाळी मतपेटी काउंटीच्या कचेरीत पोचवायची, तेव्हाही गाडीत एक या पक्षाचा आणि एक त्या पक्षाचा हवा. म्हणजे कुणाचाच कुणावर विश्वास नाही, हे कायद्यानंच मान्य केलेलं आहे. बाकीचं गाव पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन. पाव्हलिकबाई होत्या तोवर काही अडलं नाही. एका हिवाळ्यात त्या वारल्या. गाव हळहळलं. दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कुणाच्या तरी लक्षात आलं, की बाईंच्या बरोबर गावातला दुसरा पक्षही गेला.

थोड्याच दिवसांत काउंटीच्या कचेरीचा निरोप आला, की दुसऱ्या पक्षाचं माणूस द्या, नाहीतर टर्टल फोर्डचं मतदान केंद्र बंद करून काउंटीच्या मुख्य गावी, लॅटिमरला हलवू. लॅटिमरला जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडतो. गावातले बाप्ये सहकारी कोठाराच्या मागच्या खोलीत जमले. कुणीतरी डेमोक्रॅट व्हायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणी व्हायचं, यावर होईना. शेवटी माझा दीर डवेन म्हणाला, “पत्ते काढा. हरेल तो डेमोक्रॅट.”

आमच्याकडे पिच खेळतात. आपण किती गुण करणार त्याची बोली लावायची आणि तेवढे करून दाखवायचे. मिलोनं हातात एका गुलामाखेरीज काही नसताना चारची बोली लावली. का लावली, ते त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, तेव्हा लिडिया पीठ मळत होती.

“एखादी गाय हरून आला असतास तर समजू शकले असते,” ती म्हणाली.

“तूही होतेस का? जोडीनं होऊ.”

“तुझ्यासाठी चर्च बदललं, आडनाव बदललं. आता पुरे. मी आहे ती बरी आहे.”

इथवर हा सगळा थट्टेचा मामला होता. पण मिलोनं कचेरीत जाऊन हात वर करून शपथ घेतली आणि त्याच्यापुरती थट्टा तिथंच संपली. “पत्त्यांत हरून आलो हे खरं,” तो मला म्हणाला, “पण आता आलोय तर नीट नांदणार.” आणि नांदलाही, चांगल्या घरच्या सुनेसारखा. पक्षाची पत्रकं आली की चष्मा लावून वाचायचा. काउंटीतल्या डेमोक्रॅटांचं वर्षातून एकदा जेवण असतं, तिथं गेला. जेवायला मिलो धरून नऊजण होते. इतरांची पदं आधीच वाटून झाली होती आणि एक उरलं होतं, त्यामुळे मिलो जेवून आला तो उपाध्यक्ष होऊनच आला.

गावाची मात्र फार सोय झाली. तोवर वॉशिंग्टनला शिव्या घालायच्या तर टीव्हीकडे बघून घालाव्या लागत. आता शिव्या खायला हक्काचा माणूस मिळाला. डिझेल महागलं, की लोक मिलोच्या दुरुस्तीच्या दुकानात. मक्याचा भाव पडला, तरी मिलोच्याच दुकानात. “तुझ्या राष्ट्राध्यक्षाला सांग जरा,” असं डवेन म्हणायचा, आणि राष्ट्राध्यक्ष आमच्याच पक्षाचा असला तरी म्हणायचा. डेमोक्रॅटांचं चिन्ह गाढव. एका मतदानाच्या सकाळी कुणीतरी खरंखुरं गाढव आणून मिलोच्या दाराला बांधलं. मिलोनं त्याला पाणी पाजलं, त्याच्या खुरांत अडकलेले खडे काढले आणि संध्याकाळी ते डवेनच्या गोठ्यात नेऊन सोडलं. कुणाचं काम आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

रिपब्लिकनांच्या बाजूनं टेबलाला मी बसायची. मी व्हर्ला थॉर्सन. मला माझा पक्ष सासरी मिळाला, चांदीच्या चमच्यांबरोबर, आणि दोन्ही मी फारसे कधी बाहेर काढले नाहीत. टेबल माझं आणि मतदान व्हायचं त्या गावच्या सभागृहाचं स्वयंपाकघरही माझंच. मतदानाच्या दिवशी आमच्याकडे चिली, म्हणजे घेवडा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल असतात, लिडियाच्या हातच्या कोलाची, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, असतात, आणि मत देऊन कुणी लगेच घरी जात नाही. शाळा बंद झाली. पाद्री एक रविवार सोडून येतो. पोस्टाचं दार जेवायच्या वेळेआधीच लागतं. सगळं गाव एका छपराखाली बसून जेवतं असा हा एवढाच दिवस उरला होता, आणि तो माझ्या हातचा होता. मला त्याचा अभिमान होता. लपवत नाही.

संध्याकाळी मतपेटी माझ्या पिकअपमध्ये मधल्या जागेवर ठेवायची. एकीकडे मी, दुसरीकडे मिलो.

“कुणाला दिलंस मत?” मी दरवेळी विचारायची.

“गुप्त असतं.”

“मी सांगितलं ना माझं.”

“तुला विचारलं कुणी होतं?”

एवढ्यात टर्टल ओढ्यावरचा पूल यायचा आणि आम्ही दोघं गप्प व्हायचो. तो पूल लाकडी, आमच्या आजोबांच्या वेळचा. जड गाड्यांना त्यावर बंदी होती. धान्याचे ट्रक आणि पोरांना लॅटिमरच्या शाळेत नेणारी बस उत्तरेकडून भला मोठा वळसा घालून जायची. नुसती पिकअप गेली तरी फळ्या अशा करकरायच्या, की मिलो मतपेटीवर हात ठेवायचा. पूल कोसळलाच तर पेटी कोरडी राहावी, असा त्याचा बेत असावा.

नव्या पुलाचं आश्वासन दर निवडणुकीला मिळायचं. बर्फ वितळलं की एका पक्षाचा उमेदवार यायचा आणि पानं गळायला लागली की दुसऱ्याचा. दोघं पुलाच्या कठड्याला हात लावून फोटो काढून घ्यायचे. दोघं लिडियाच्या कोलाची खायचे, आणि दोघांनाही त्या अगदी आपल्या आजीच्या हातच्यासारख्या लागायच्या. “यांची आजी एकच होती काय गं?” लिडिया मला विचारायची. मग दोघं टीव्हीवर जायचे. हा सांगायचा तो देश बुडवणार, तो सांगायचा हा बुडवणार. मिलो म्हणायचा, दोघांवर विश्वास ठेवला तर या वयात पोहायला शिकावं लागेल.

असं बरीच वर्षं चाललं. मिलोचे गुडघे दुखायला लागले, शिड्या उंच व्हायला लागल्या, पण टेबलामागची त्याची खुर्ची काही चुकली नाही. मग एका जानेवारीत शाळेची बस त्या लांबच्या रस्त्यावर बर्फात रुतली आणि पोरं दुपारभर थंडीत कुडकुडत बसली. कुणाला काही झालं नाही. पण ती बातमी ऐकून मिलोनं टोपी न काढताच गाडी काढली, आणि तो तडक राज्याच्या राजधानीत, लिंकनला, पक्षाच्या कचेरीत गेला. तिथं संगणकासमोर बसलेला एक तरुण त्याच्याशी फार गोड बोलला. नकाशा काढून दाखवला. म्हणाला, “काका, तुमचं गाव आमच्या हिशेबातच नाही. ते त्यांचं आहे. तिथं जोर लावून काय उपयोग?”

दुसऱ्या दिवशी मिलो रॉस टिमरमनकडे गेला. टिमरमन हा काउंटी मंडळावर आमच्या भागाचा सभासद. पूल बांधायचा तर त्यानंच बांधायचा. पक्ष रिपब्लिकन, आणि त्याच्याविरुद्ध कित्येक वर्षांत कुणी उभंसुद्धा राहिलेलं नव्हतं. टिमरमननं मिलोला कॉफी पाजली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, “मिलो, टर्टल फोर्ड आमचंच आहे. तुमची मला काळजीच नाही. आणि पैसा जिथं काळजी असते तिथं घालावा लागतो, तुला कळतंय ना?”

मिलोला कळलं. त्यानं हे दोन्ही मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. मी कांदे चिरत होते.

“दोघंही खरं बोलले,” तो म्हणाला. “राग त्याचाच येतो. एकजण म्हणतो तुम्ही त्यांचे, म्हणून काही देणार नाही. दुसरा म्हणतो तुम्ही आमचे, म्हणून काही देणार नाही. मग मी त्या टेबलाला बसून कुणाची राखण करतोय?”

“मतांची.”

“कसली मतं, व्हर्ला? निकाल आधीच लागलेला असतो. आपण नुसते चिली खायला जमतो.”

“चिलीला नावं ठेवू नकोस.”

“ठेवत नाही. चिली चांगलीच असते.” त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “पण उद्या मी लॅटिमरला जाऊन नाव काढून घेणार. डेमोक्रॅट नाही, रिपब्लिकन नाही. मी कुणाचाच नाही. आणि मतही देणार नाही.”

“केंद्र जाईल, मिलो. तुला ठाऊक आहे.”

“मग मी खोटी शपथ घेऊ?”

अडचणीत सापडले की मी चिडते. “चारची बोली लावताना ही अक्कल कुठं गेली होती?” मी म्हणाले. तो निघून गेला. रागाच्या भरात मी इतके कांदे चिरले, की त्या आठवड्यात चर्चच्या जेवणाला नुसतं कांद्याचं सूप झालं.

मिलोनं म्हटल्याप्रमाणं केलं. कचेरीत मतदारांची नोंद ठेवणारी जोलीन म्हणून एक मुलगी आहे, तिचा मला फोन आला. “व्हर्लाबाई, मेच्या मतदानाआधी दुसऱ्या पक्षाचं एक तरी माणूस द्या. नाहीतर माझाही नाइलाज आहे.”

मी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवलं आणि कोण तयार आहे ते विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. डवेननं छातीवर हात ठेवून सांगितलं, “मला थडग्यात घाला, पण त्या पक्षात घालू नका.” गावात लामा पाळणारं एक नवीन जोडपं आलं होतं. त्यांचा पक्ष तिसराच निघाला, आणि त्यात ते दोघंच असावेत असं वाटलं. कुणीतरी पुन्हा पत्त्यांची गोष्ट काढली. पत्ते आलेही. पण पिचमध्ये सगळ्यांनी पास म्हटलं तर पत्ते वाटणाऱ्याला बोली लावावीच लागते, म्हणून वाटायलाच कुणी तयार होईना. पत्त्यांचा जोड टेबलावर पडून राहिला आणि कॉफी संपल्यावर एकेकजण उठून गेला.

मिलो माझ्याकडे यायचा थांबला होता. म्हणजे माझा पंप बिघडला तेव्हा येऊन दुरुस्त करून गेला, पण कॉफीला बसला नाही. ते मला फार लागलं. इतकी वर्षं त्या पुलावरून आम्ही जीव मुठीत धरून जोडीनं गेलो होतो, आणि आता तो माझ्या अंगणातून टोपी न काढता जात होता. मिलोचं मन तर मला वळवता येत नव्हतं. केंद्र तरी वाचवावं म्हणून एका मंगळवारी मी पर्स उचलली आणि लॅटिमर गाठलं.

“जोलीन, मला डेमोक्रॅट कर,” मी म्हणाले. “आणि कुणाला सांगितलंस तर तुझ्या लग्नाचा केक मी करणार नाही.”

जोलीननं खालचा ओठ दातांखाली धरला. मला वाटलं, बिचारीला माझं वाईट वाटतंय. सासरच्या चार पिढ्या मी एका सहीत बुडवल्या आणि बाहेर आले, तर पायऱ्यांवर समोर डवेन.

“दाढ दुखतेय,” तो म्हणाला.

“माझीही,” मी म्हणाले.

लॅटिमरला दाढांचा डॉक्टर मंगळवारी येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण दोघांनीही गाल धरला आणि आपापल्या वाटेनं गेलो.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. मला वाटलं मीच चोर आहे म्हणून मला तसं दिसतंय. नोंदणी बंद झाली त्या संध्याकाळी जोलीनचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं.

“व्हर्लाबाई, तुमच्या गावाला झालंय तरी काय? बावीस डेमोक्रॅट झालेत.”

“किती?”

“बावीस. प्रत्येकजण एकटा आला आणि प्रत्येकानं बजावलं, की कुणाला सांगू नकोस. एकानं तर गाडी गुरांच्या डॉक्टरकडे लावली आणि मागच्या दारानं आत आला.”

मी खुर्चीत बसले. बावीस म्हणजे जवळजवळ निम्मं गाव.

“आता मला वेगळीच काळजी आहे,” जोलीन म्हणाली. “रिपब्लिकनांच्या बाजूची तुमची खुर्ची रिकामी झाली. तिथं बसायला कुणी उरलंय ना?”

दिवसभर टेबलाला बसू शकतील अशा ज्यांच्याकडे विचारायला गेले ते आधी लाजले आणि मग आपण आता त्या बाजूचे नाही, असं हळूच सांगायला लागले. खात्रीची एकच बाई निघाली, ती म्हणजे लिडिया. “मी आहे ती बरी आहे, असं म्हटलं होतं ना मी,” ती म्हणाली आणि एप्रन सोडून टेबलाला येऊन बसली. केंद्र वाचलं. मेचं, म्हणजे पहिल्या फेरीचं, मतदान गावातच झालं; खरी निवडणूक नोव्हेंबरात. मिलो आला नाही. सभागृहाच्या खिडकीतून दिसणाऱ्या एका पवनचक्कीवर तो सकाळपासून चढून बसला होता. त्या चक्कीला काहीही झालेलं नव्हतं. त्याच्यासाठी मी चिलीचा वाडगा झाकून ठेवला होता. तो शेवटी डवेननं संपवला.

यानंतर जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच मनात नव्हतं. टर्टल फोर्डमध्ये वारं फिरल्याची बातमी बाहेर पसरली. लिंकनचा तो संगणकवाला तरुण स्वतः गाडी चालवत आला आणि कोठारापाशी लोकांना विचारायला लागला, की इथं नेमका कुठला मुद्दा चालला.

“दाढदुखी,” डवेन म्हणाला.

तरुणानं ते टिपून घेतलं.

त्याच्या पक्षानं टिमरमनच्या विरोधात उमेदवारही उभा केला, ओढ्यापलीकडची एक शेळ्या पाळणारी बाई. मग टिमरमन धावत आला. या खेपेला आजीची आठवण नाही, फोटो नाही. पुलाखाली वाकून बघत म्हणाला, “हा तर पार खिळखिळा झालाय हो.”

“आत्ता दिसला का?” लिडियानं विचारलं.

गवत कापायच्या दिवसांत यंत्रं आली. मका पिकेपर्यंत ओढ्यावर काँक्रीटचा रुंद पूल उभा होता, आणि दोन्ही पक्ष तो आपणच बांधला म्हणून सांगत होते.

मिलो पूल बघायला आला तो हातोडी आणि बॅटरी घेऊन. खाली उतरून त्यानं एकेक खांब ठोकून बघितला. मी काठावर थर्मास घेऊन उभी होते. तो वर आल्यावर मी पेला पुढं केला. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच त्यानं माझ्या हातची कॉफी घेतली.

“कसा आहे?”

टोपी निघाली, डोकं खाजवून झालं, टोपी बसली. “चांगला आहे. मी इतकी वर्षं इमानानं नांदलो, तर एक फळी बदलली नाही. तुम्ही सगळे एका आठवड्यात बेइमान झालात, तर पूल झाला.”

“केंद्रासाठी झालो रे. पुलाचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.”

“तेच तर,” तो म्हणाला आणि हसायला लागला. कठडा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही हसले, कारण तो हसतोय याचाच मला आनंद झाला होता. “हिला लोकशाही म्हणायचं असेल तर हिच्यापेक्षा पत्ते बरे, व्हर्ला. निदान आपल्या हातात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं.”

“तुझ्या हातात काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

त्यानं पेला परत दिला.

“नोव्हेंबरात येशील?” मी विचारलं.

“सांगितलं ना. मी कुणाचाच नाही.”

“कुणाचाच नसलेल्यालाही मत असतं. मी जोलीनला विचारलंय.”

यावर त्यानं टोपी काढली. पण मला चुलीवरचं बघायचं होतं, मी निघून आले. उत्तर ऐकायची मला भीतीही वाटत होती.

नोव्हेंबरात तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, आणि सवयीनं टेबलामागे जायला निघाला. मग थबकला आणि वळून रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा टेबलामागे त्याची बायको होती.

“नाव?” लिडियानं विचारलं.

“अगं...”

“नाव सांगा.”

“मिलो कुबिक.”

“पत्ता?”

“तुझ्याच घरी राहतो.”

“अजून तरी,” लिडिया म्हणाली आणि तिनं मतपत्रिका दिली.

पडद्याआड तो बराच वेळ होता. काय केलं ते त्याचं त्याला ठाऊक. बाहेर आल्यावर त्याला कुठं उभं राहावं ते कळेना, म्हणून मी त्याच्या हातात चिलीचा डाव दिला. दिवसभर त्यानं गावाला वाढलं. लोकांनी पुलावरून त्याला भरपूर छेडलं आणि त्यानं त्यांना भरपूर चिली वाढली. डवेननं जेवता जेवता एक योजना मांडली. दर निवडणुकीआधी अर्ध्या गावानं पक्ष बदलायचा. कुठल्या अर्ध्यानं, ते पिच खेळून ठरवायचं. “दोन्ही पक्षांना झोप लागता कामा नये,” तो म्हणाला. आणि पत्ते मिलोनं वाटायचे, कारण गावात कुणाचाच नसलेला तेवढा एकच माणूस आहे. योजना सगळ्यांना पसंत पडली. मिलो म्हणाला, “वाटीन, पण बोली लावणार नाही.”

दारं लावून झाल्यावर मतपेटी पिकअपमध्ये मध्ये ठेवली. एकीकडे मी डेमोक्रॅट, दुसरीकडे लिडिया रिपब्लिकन. तिसऱ्याला बसायची परवानगी नाही. मिलोनं आमच्या बाजूची दारं नीट लागलीत का ते ओढून बघितलं आणि बाजूला झाला. मी आरशातून बघितलं, तर तो सभागृहाच्या दिव्याखाली एकटाच उभा होता.

“कुणाला दिलंस?” मी लिडियाला विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

“तुझ्या पक्षाला.”

“कुठल्या?”

“ते आधी तू ठरव.”

पूल आला तशा आम्ही सवयीनं गप्प झालो. काहीच करकरलं नाही. तेवढ्यात आरशात उजेड दिसला. दोन दिवे, त्यातला डावा मिणमिणता. ती पिकअप मला कुठंही ओळखता आली असती.

“घरी जा म्हणून सांगितलं होतं मी त्याला,” लिडिया म्हणाली. “तर म्हणाला, गाडीत कोण बसायचं तेवढं कायद्यानं सांगितलंय. मागून कोणी यायचं नाही असं कुठं म्हटलंय?”

तो लॅटिमरपर्यंत आमच्या मागं आला. जोलीननं पेटी ताब्यात घेऊन आत नेली, दार लागलं, तरी तो रस्त्यापलीकडे गाडी चालू ठेवून बसून होता. मी रस्ता ओलांडून त्याच्या खिडकीपाशी गेले.

“कुणाची राखण करतोयस रे?” मी विचारलं.

त्यानं टोपी काढली. डोकं खाजवलं. थंडी बरीच होती, पण या वेळी मी कुठंही गेले नाही. त्यानं टोपी परत घातली.

“आपली,” तो म्हणाला आणि गाडी गावाकडे वळवली.